‘ॲट’ कुणी खाल्ला?

‘पीपल लाफ्ड ॲट हिम’ या वाक्याचा व्हॉइस बदला, असं आमच्या शेंदूरजनाघाटात दहावीच्या पोरांना सांगून बघा. ‘ही वॉज लाफ्ड बाय पीपल’ असं उत्तर हमखास येतं. ‘ॲट’ गायब. मी इथं इंग्रजी शिकवतो, दरवर्षी हेच बघतो. आणि दरवर्षी हेही ऐकतो की पोरं निष्काळजी आहेत, गावाकडची आहेत, पाया कच्चा आहे.

साफ खोटं. पोरं उलट फार आज्ञाधारक आहेत. कर्म पुढं आणा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या, ‘बाय’ लावा, कर्ता मागं टाका, हे सूत्र आपणच त्यांच्याकडून घोकून घेतलं. त्या सूत्रात ‘ॲट’ला जागाच नाही. त्यातून ‘ॲट बाय’ असे दोन शब्द एकाला एक चिकटलेले दिसले की पोरगं बिचकतं आणि एक खोडून टाकतं. त्याच सूत्राच्या जोरावर ‘द बस वॉज ब्रोकन डाऊन’ही लिहितं. बस आपली आपण बंद पडली, तिथं कर्मच नाही, मग व्हॉइस कशाचा बदलणार? हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

खरी गोम मराठीत आहे. ‘लोक त्याला हसले’ (इकडं ‘त्याले हासले’) याचं फार तर ‘त्याला हसलं गेलं’ होईल. ‘तो हसला गेला’ असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीत ‘ॲट’ जे काम करतो ते मराठीत ‘ला’ करतो, आणि तो नामाला घट्ट चिकटून असतो. इंग्रजीत मात्र ‘हिम’चा ‘ही’ होऊन पुढं पळतो आणि ‘ॲट’ क्रियापदापाशी मागं राहतो. ‘लुक आफ्टर’चंही तेच. मराठीत मुलांची ‘काळजी’ घेतली जाते, इंग्रजीत थेट मुलंच कर्त्याच्या जागी जाऊन बसतात. दोन्ही भाषांतली वाक्यं फळ्यावर शेजारीशेजारी लिहिली तर एका तासात उलगडा होतो. पण इंग्रजीच्या तासाला मराठी काढणं कमीपणाचं! मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठी व्याकरणाचा एवढा जाडजूड ग्रंथ लिहिला, प्रयोगांचा कीस पाडला, तो काय कपाटात ठेवायला?

‘एका मार्काचा प्रश्न, सोडून द्या’ असंही मला सांगतात. मार्क गेला खड्ड्यात. आमच्या गावात घरोघरी संत्र्याच्या कलमांची माहिती आहे. जंभेरीवर डोळा भरतात. तो डोळा निघून गेला तर झाड वाढतं, पण संत्र्याचं नाही, जंभेरीचं. ‘टर्न’ म्हणजे वळणं. त्याला ‘डाऊन’ लागला की नाकारणं. ‘ले’ म्हणजे ठेवणं, ‘लेड ऑफ’ म्हणजे नोकरी गेली. उद्या फळगळीच्या विम्याबद्दल बापाच्या मोबाइलवर ‘युवर क्लेम हॅज बीन टर्न्ड डाऊन’ असा मेसेज आला, तर तो वाचून दाखवायची जबाबदारी याच पोरावर येणार आहे. ‘क्लेम’ त्याला कळेल, ‘टर्न’ही कळेल. नेमका ‘डाऊन’ तो सवयीनं गाळेल.

आणखी एक गंमत बघा. ज्या ‘बाय’साठी आपण एवढी घोकंपट्टी करून घेतो, तो या मेसेजमध्ये नाहीच. दावा कुणी नाकारला, ते लिहिलेलंच नाही. आपलं सरकारी मराठीही यात मागं नाही: ‘नामंजूर करण्यात आला आहे.’ कर्ता लपवायला हा प्रयोग किती सोयीचा, हे कुठल्याच तासाला शिकवत नाहीत.

म्हणून माझं भांडण ‘चेंज द व्हॉइस’ या प्रश्नाशीच आहे. तो पेपरातून काढा. त्याऐवजी असं एखादं पत्र छापा आणि तीन गोष्टी विचारा: झालं काय, कुणाचं झालं, आणि केलं कुणी ते पत्रात लिहिलंय का? उत्तर मराठीत लिहिलं तरी पूर्ण मार्क द्या.