इटास्काच्या काठी दोन रात्री

वयाची साठी उलटलेल्या माणसाने जमिनीवर झोपू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. गेल्या उन्हाळ्यात मिनिॲपोलिसला मुलाकडे असताना त्याने तंबू ठोकून दोन रात्री सरोवराकाठी राहण्याचा बेत सांगितला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अरे, चांगलं घर बांधून ठेवलंयस, मग रानात कशासाठी झोपायचं?" मुलगा नुसता हसला. जागा चार महिन्यांपूर्वीच राखून ठेवल्याचे त्याने नंतर सांगितले. तिकडे राज्य उद्यानांतील तंबूची जागा १२० दिवस आधी राखता येते आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार पाहता पाहता संपतात. म्हणजे आम्ही विमानात बसण्यापूर्वीच हा बेत ठरला होता. तो आम्हाला का सांगितला नव्हता, हे मला दुसऱ्या रात्री कळले.

इटास्का हे मिनेसोटा राज्यातील सर्वांत जुने राज्य उद्यान. मिनिॲपोलिसपासून मोटारीने साधारण चार तासांच्या अंतरावर, वायव्येला. क्षेत्र ३२,००० एकरांहून अधिक आणि त्यात शंभराहून अधिक लहानमोठी तळी. आमचा मुक्काम होता तो इटास्का सरोवराच्या पूर्व काठावरील 'बेअर पॉ' या तळावर. या नावाचा अर्थ 'अस्वलाचा पंजा' असा होतो, हे नातीने आजीला मोठ्या उत्साहाने सांगितले. ते न सांगितले असते तर बरे झाले असते.

वाचकहो, या तळाची व्यवस्था थोडी सविस्तर सांगतो, कारण मला ती मनापासून आवडली. फाटकावरील कचेरीत मोटारीचा परवाना घ्यावयाचा आणि तो समोरच्या काचेवर लावावयाचा. प्रत्येक जागेला क्रमांक असतो. त्या जागेत मोटार उभी करण्यापुरती सपाटी, एक भक्कम लाकडी मेज-बाक, आणि विस्तव पेटवण्यासाठी जमिनीत बसवलेले लोखंडी कडे. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्नानगृहे थोड्या अंतरावर, सर्वांसाठी मिळून. दोन जागांच्या मध्ये झाडी राखलेली असल्याने शेजारी दिसत नाहीत, फक्त त्यांच्या कॉफीचा वास येतो. रात्री दहानंतर सर्वत्र शांतता पाळावयाची. कोणी पहारेकरी शिट्टी फुंकत फिरत नव्हता; तरीही दहा वाजले आणि आवाज थांबले.

लाकडांचा नियम मला प्रथम विचित्र वाटला. घरून सरपण आणता येत नाही, आणि समोर पडलेली वाळकी काटकीही उचलता येत नाही. मान्यता मिळालेल्या विक्रेत्याकडूनच मोळी विकत घ्यावी लागते. मला तो महसूल वाढवण्याचा मार्ग वाटला आणि मी तसे बोलूनही दाखवले. मग सूनबाईंनी कारण सांगितले. आशियातून आलेला एक हिरवा चकचकीत भुंगा २००२ साली मिशिगन राज्यात प्रथम आढळला. त्याच्या अळ्या ॲश नावाच्या झाडाच्या सालीखाली बोगदे पोखरतात आणि काही वर्षांत उभे झाड वाळून जाते. हा भुंगा स्वतः फार दूर उडत नाही. लोकांच्या मोटारींतल्या सरपणातून तो गावोगाव पोहोचला. मिनेसोटात तो २००९ साली सापडला. आणि पडलेली लाकडे तिथेच कुजू द्यावयाची, कारण जंगलाची माती त्यांच्यातूनच तयार होते. मी माझे शब्द मागे घेतले.

खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवावयाचे नाहीत, मोटारीत बंद ठेवावयाचे, हा दुसरा कडक नियम. काळी अस्वले त्या जंगलात आहेत. सौभाग्यवतींनी आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकुटाचा डबा प्रत्येक जेवणानंतर मोजून मोटारीत जात असे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आमच्या घरचा नेम मात्र तिथे अगदीच सोपा झाला. जूनमध्ये त्या उत्तरेकडील मुलखात सूर्य मावळायला रात्रीचे सव्वानऊ उलटून जातात. नातीचा आक्षेप एवढाच, की इतक्या उजेडात झोपायचे कसे.

डास विलक्षण होते. त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिसिसिपी नदीचा उगम पाहिला. इटास्का सरोवराच्या उत्तर टोकाशी दगडांची एक ओळ आहे. तिच्यावरून पाणी खळखळत बाहेर पडते, आणि तीच मिसिसिपी. रुंदी जेमतेम वीस फूट, खोली गुडघ्याइतकी. नातीने ती तीन वेळा ओलांडली. तिथे झाडाच्या खोडाचा एक खांब उभा आहे. समुद्रसपाटीपासून १,४७५ फुटांवर निघालेली ही नदी २,५५२ मैल वळणे घेत मेक्सिकोच्या आखाताला मिळते, असे त्यावर कोरले आहे. महाबळेश्वरला गोमुखातून पडणारी कृष्णा पाहताना जे वाटते तेच इथेही वाटले. तिथल्यासारखे इथेही लोक मोटारीतून उतरून आधी पाण्याला हात लावीत होते. ती दगडांची ओळ मात्र निसर्गनिर्मित नाही. १९३० च्या दशकात सरकारी मजुरांनी दलदल बुजवून, प्रवाह नीट करून ती रचली. उगम सुद्धा थोडा सजवावा लागतो, असे म्हणावयाचे.

सरोवराच्या नावाची कथाही गमतीची आहे. १८३२ साली हेन्री स्कूलक्राफ्ट या संशोधकाला ओजिब्वे जमातीचा ओझाविंदिब हा वाटाड्या येथे घेऊन आला. ओजिब्वे लोकांना ही जागा अर्थातच ठाऊक होती आणि त्यांच्या भाषेत तिला नावही होते. स्कूलक्राफ्टने 'सत्य' आणि 'मस्तक' या अर्थाचे दोन लॅटिन शब्द जोडले, 'वेरितास कापुत', आणि त्यांची पहिली व शेवटची अक्षरे कापून मधला तुकडा घेतला: 'इटास्का'. वाटाड्याचे नाव त्या तुकड्यात कुठेच बसले नाही.

उगमाजवळच्या केंद्राला मेरी गिब्ज हिचे नाव दिले आहे. मी तिथल्या माहितीफलकांसमोर बराच वेळ उभा राहिलो. उद्यानाचा कायदा १८९१ मध्ये झाला, तोही विधिमंडळात एका मताच्या फरकाने. पण कागदावर उद्यान झाले तरी आतली पुष्कळ जमीन लाकूड कंपन्यांच्या मालकीची होती. कंपन्या ओंडके वाहून नेण्यासाठी धरणाची दारे बंद करून सरोवराची पातळी वाढवीत, आणि काठावरचे जुने पाइन वृक्ष पाण्यात उभे राहून मरत. १९०३ साली उद्यानाचे आयुक्त असलेले मेरीचे वडील वारले आणि त्यांच्या जागी २४ वर्षांच्या मेरीची नेमणूक झाली. ती धरणावर गेली आणि दारे उघडा म्हणाली. कंपनीच्या माणसांनी बंदूक रोखली. तिने दाराच्या दांड्यावर हात ठेवला.

पुढे काय झाले? ते दार तिच्या एकटीच्या ताकदीने हलण्यासारखे नव्हतेच. काही महिन्यांतच तिच्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाली, आणि उद्यानातली तोड १९२० च्या सुमारापर्यंत चालूच राहिली. मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. नियम पुस्तकात असणे आणि त्या नियमामागे वरिष्ठ उभे असणे यांतले अंतर मला चांगले ठाऊक आहे. कित्येकदा मी दांड्यापर्यंत गेलोच नाही. तळावर दोन-तीनशे वर्षांचे जे लाल पाइन उरले आहेत, त्यांच्याकडे वर मान करून पाहताना माझी टोपी दोनदा पडली.

त्या रात्री बायका आणि नात लवकर तंबूत गेल्या. मी आणि मुलगा विस्तवाजवळ बसलो. तो बराच वेळ लाकडे सारखी करीत होता. मग म्हणाला, "बाबा, भंडारदऱ्याचं आठवतं का तुम्हाला?"

मला काही आठवेना.

"मी पाचवीत होतो. आपण दोघं तळ्याकाठी तंबूत राहणार होतो. तुम्ही तुमच्या एका मित्राकडून तंबू आणला होता. मला नवी बॅटरी घेऊन दिली होती. आणि शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या शाखेत तपासणीचं पथक आलं."

"मग?"

"मग पुढच्या महिन्यात बदली झाली. तंबू परत गेला. बॅटरी मी बारावीपर्यंत ठेवली होती."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर उत्तर देणे सोपे गेले असते. त्या वर्षी माझ्या शाखेच्या ठेवी किती होत्या, ते मला आजही सांगता येईल. तपासणीत कोणत्या खात्याच्या कागदपत्रांवर शेरा मारला होता, तेही. मुलाची बॅटरी मात्र कोणत्याही पानावर सापडत नव्हती. मी म्हणालो, "मला खरंच आठवत नाही रे." तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. म्हणून मुद्दाम सांगितलं नाही, नुसती जागा राखली."

तेवढ्यात सरोवरावरून लून पक्ष्याची हाक आली. हा मिनेसोटाचा राज्यपक्षी: लाल डोळे, काळ्या अंगावर पांढरे ठिपके. पाय शरीराच्या इतके मागे की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, पण पाण्याखाली तो सफाईने बुडी मारतो. त्याची हाक काहीशी रडल्यासारखी, काहीशी कोणाला तरी शोधत असल्यासारखी. थोड्या वेळाने पलीकडच्या काठावरून दुसऱ्याने उत्तर दिले. आम्ही विस्तव विझेपर्यंत बसलो, मग त्यावर पाणी ओतले, राख हाताने चाचपून थंड झाल्याची खात्री केली, आणि झोपायला गेलो. तंबूत शिरताना सौभाग्यवती अंधारातच म्हणाल्या, "मला आठवतं. दशम्या केल्या होत्या मी. मग दोन दिवस आपणच खाल्ल्या."

रविवारी तंबू काढला. तंबूच्या खुंट्या गोळा करून पिशवीत भरण्याचे काम माझ्याकडे आले. पिशवीवर चौदा असे लिहिले होते. मोजल्या तर तेरा. सूनबाई म्हणाल्या, "राहू द्या बाबा, एक-दोन डॉलरची वस्तू आहे." पण दिवसाअखेर रोकड जुळल्याशिवाय मी कधी तिजोरी बंद केलेली नाही. मी गुडघ्यांवर बसून पाइनच्या वाळक्या सुयांत हात फिरवू लागलो. मोटारीचे इंजिन सुरू होते, सौभाग्यवती पुढच्या आसनावर बसून घड्याळ दाखवीत होत्या. मुलाने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि माझ्या शेजारी गुडघे टेकून दुसऱ्या बाजूने शोधू लागला. आम्हाला ती खुंटी अर्ध्या तासाने सापडली.