जंजिऱ्याची सहल आणि समुद्रापलीकडचे शब्द

सानगडीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. शाळेची सहल मुरूड-जंजिऱ्याला जाणार आहे, नववीतल्या मुलीला पाठवावं का? घरातले मोठे म्हणतात, किल्ला तर आपल्या गावातही आहे, त्यासाठी समुद्रापर्यंत कशाला?

आपलं मत सरळ आहे, पाठवा. तुमची मुलगी नुसते बुरूज पाहायला जात नाही. 'जंजिरा' हा शब्दच अरबी 'जझीरा'वरून, म्हणजे बेट यावरून आला. इथं 1948 पर्यंत सिद्दी नवाबांचं राज्य होतं. त्यांचे पूर्वज हबशाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे. त्याच्याही दक्षिणेला, सोमालियापासून मोझांबिकपर्यंत, स्वाहिली लोकांचा किनारा आहे. हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर इकडची गलबतं तिकडे जात आणि नैऋत्येचा वारा सुरू झाला की परतत. 'स्वाहिली' हे नाव 'सवाहिल'वरून पडलं, आणि ते 'साहिल'चं, म्हणजे किनाऱ्याचं, अनेकवचन. मुलीच्या वर्गात एखादा साहिल असेलच, त्याला हे जरूर सांगा! त्यांच्या भाषेत किताबु, दुनिया, हबारी, साबुनी, रंगी, दुका, गारी असे शब्द आहेत. अर्थ सांगायची गरज नाही. भात ते नारळाच्या दुधात शिजवतात, आणि नारळाचं दूध आपल्या कोकणी मुस्लिम घरांतही रोजचंच. खाडीत तिवरं दिसतील, श्वासासाठी चिखलातून मुळं वर काढणारी. तीच झाडं त्या किनाऱ्यावरही आहेत. तलावांच्या जिल्ह्यातल्या मुलीनं भरती-ओहोटी एकदा तरी डोळ्यांनी पाहावी.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी झाकू नये. आफ्रिकेतून आलेले सगळे काही नवाब झाले नाहीत. कित्येकांना गुलाम म्हणून विकून आणलं होतं. 1610 साली खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबरही असाच विकला गेलेला मुलगा होता. नुसत्या तोफा मोजून परतलेल्या मुलांना हे कळत नाही.

आता तुमची काळजी. ती खोटी नाही. सोबत शिक्षिका किती, मुलींची मुक्कामाची सोय कुठे, जेवण कुणाकडे, हे आधीच विचारा. राजापुरीच्या धक्क्यावरून किल्ल्यात शिडाच्या होडीनं जावं लागतं. प्रत्येकीला लाइफ जॅकेट मिळणार का, होडीत किती जणांना बसवणार, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. अब्बूंनी शाळेत जाऊन विचारलं तर आणखी चांगलं. पैशांची अडचण असेल तर तेही मोकळेपणानं सांगा, हप्त्यानं भरायची मुभा मागता येते.

आणि मुलीच्या पिशवीत एक वही द्या, ऐकलेले शब्द लिहायला.