भट्टीतली हवा

शुक्रावरच्या इडुन मॉन्स आणि तशाच काही ज्वालामुखींच्या लाव्ह्याचे वय 2010 साली अडीच लाख वर्षांच्या आतले असावे, असे सांगितले गेले. 2020 साली ते एकदम मोजक्या वर्षांवर आले. मधल्या दहा वर्षांत शुक्रावर कोणी उतरले नव्हते. युरोपच्या ‘व्हीनस एक्स्प्रेस’ यानाची निरीक्षणे जुनीच होती. नवी होती ती अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतली भट्टी.

त्या भट्टीत ऑलिव्हिन तापवले गेले. बेसाल्टमध्ये सापडणारे हे हिरवट खनिज. काही दिवसांतच त्यावर हेमॅटाइटचा तांबूस-काळा थर चढला आणि वर्णपटातली ऑलिव्हिनची खूण पुसट झाली. शुक्रावरही खडक असाच लवकर झाकला जात असेल, तर ज्या लाव्ह्याची उष्ण प्रभा अजून वेगळी दिसते तो कालपरवाचाच असणार. तर्क सरळ आहे.

पण भट्टीत हवा कोणती होती? आपली. जिच्यात 21 टक्के प्राणवायू आहे, ती. शुक्राच्या हवेत 96 टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड; मोकळा प्राणवायू नावापुरता. गंजण्याचा वेग मोजायचा आणि गंजवणारा वायूच परका घ्यायचा! तापमानही 600 आणि 900 अंश सेल्सिअस. शुक्राचा पृष्ठभाग 460 च्या आसपास. संशोधकांनी यातले काही लपवले नाही. शुक्रासारख्या हवेतले प्रयोग पुढे करायचे आहेत, हेही त्यांनी सांगितले. मथळ्यांत मात्र भट्टी गळाली, शुक्र तेवढा राहिला.

2023 साली ‘मॅगेलन’ यानाची जुनी रडारचित्रे पुन्हा तपासली गेली. शुक्रावरच्या माट मॉन्स या ज्वालामुखीचे एक मुख 1991 च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात रुंदावलेले दिसले. म्हणजे शुक्र जागा आहे. भट्टीही बरोबर ठरली, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. ऑलिव्हिन किती दिवसांत गंजते, याबद्दल रडार काहीच सांगत नाही. शिवाय तो डोंगरही दुसरा.

भारताच्या शुक्र मोहिमेला 2024 साली 1,236 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आहे. तिची निरीक्षणे ताडून पाहायला लागणाऱ्या नमुन्यांसाठी दख्खनचा बेसाल्ट हवा तेवढा आहे. तो तापवला जाईल तेव्हा वर्णपटाखाली तापमान लिहिले जाईलच. भट्टीत वायू कोणता होता, हेही तेवढ्याच ठळक अक्षरात लिहावे. तळटिपेत नको.