केस पेपरवरचं ‘पडली’

मी सुरतची. म्हणजे उधन्याची. कॉलेजात कुणी ‘तू गुजराती का गं?’ असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. आजोबा जळगाव जिल्ह्यातून आले, लूमच्या कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत नुसती चक्कर मारली तरी अहिराणी कानावर पडते. भुसावळहून येणाऱ्या गाडीनं खानदेशातली माणसं येत राहिली आणि लूमच्या खटखटीत त्यांची बोली मिसळून गेली. हे आधीच सांगून ठेवते, कारण आजचा विषय दवाखान्यातला असला तरी शेवटी तो भाषेपाशीच येऊन थांबतो. म्हणून तर तो आपल्या मंडळाच्या अंकात लिहावासा वाटला.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आजी जिन्यावरून पडली. मनगट सुजलं. रात्री साडेनऊच्या सुमाराला मी आणि बाबा तिला घेऊन एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात गेलो. नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही शहरात घडलं असतं. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, पण आजीशी नीट बोलले. चक्कर आली होती का? बीपीची गोळी चुकली का? डोकं आपटलं का? याआधी कधी पडला होतात? पाच-सहा प्रश्न विचारून मग त्यांनी लिहिलं : पडली.

शेजारच्या बाकावर तिशीतली एक बाई बसली होती. भुवई फुटलेली, पदराचा बोळा जखमेवर दाबून धरलेला. सोबत नवरा. डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, ‘शुं थयुं?’ उत्तर नवऱ्यानं दिलं, ‘बाथरूममां पडी गई.’ बाईला गुजराती फारसं येत नाही हे सिस्टरच्या लक्षात आलं असावं. त्या माझ्याकडे वळल्या, ‘तुम मराठी हो ना? जरा पूछो.’ मी विचारलं, ‘ताई, काय झालं?’ नवरा दोन हातांवर उभा. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, ‘पडले.’ मी सिस्टरला सांगितलं, ‘गिर गई, बोलती है.’ तसंच लिहिलं गेलं. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पंधरा मिनिटांत काम संपलं.

नंतर एक्स-रेच्या बाहेर आम्ही थांबलो होतो. तो माणूस औषधं आणायला गेला, तेवढ्यात आजीनं तिला आपल्या बोलीत विचारलं, ‘काय व्हयनं, माय?’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आते काय सांगू तुले.’ एवढ्यात तो परत आला आणि ती उठली.

घरी येताना रिक्षात आजी मला म्हणाली, ‘ती पडली म्हणते, मग दंडावर बोटांचे वळ कुणाचे?’ मी ते वळ पाहिलेच नव्हते.

त्या रात्री दोन केस पेपरांवर एकच शब्द लिहिला गेला. खरोखर पडलेल्या आजीला त्याआधी सहा प्रश्न विचारले गेले. न पडलेल्या बाईला एकच, तोही नवऱ्यासमोर, आणि तो विचारणारी मी होते. मला त्या डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. मला एवढंच म्हणायचंय की प्रश्न कुणासमोर विचारला आणि कुठल्या भाषेत विचारला, यावर उत्तर ठरतं. हे ज्या विभागात सगळ्यात जास्त सांभाळायला हवं, तिथेच आपण ते विसरतो.

हा माझ्या एका रात्रीचा अनुभव झाला. पण मुंबईत १९९०च्या दशकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी जे. जे. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतल्या पोलीस नोंदी तपासल्या होत्या. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांच्या नोंदींपैकी सुमारे २२ टक्के प्रकरणं उघडउघड घरातल्या हिंसेची निघाली. आणखी ४४ टक्क्यांच्या आसपास नोंदी अशा होत्या की कागदावर कारण वेगळं, पण सगळी लक्षणं तीच. हा दुसरा आकडा मला जास्त छळतो. माझ्यासमोर लिहिलं गेलेलं ‘पडली’ त्याच खात्यात जमा होणार.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१ची, पाहा. नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसल्याचं देशात २९.३ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितलं. महाराष्ट्रात २५.२ टक्के आणि आमच्या गुजरातेत १४ टक्के. ‘बघ, गुजरातेत कमी आहे’ असं मला एका मैत्रिणीनं लगेच ऐकवलं. असेलही. पण याच सर्वेक्षणात असंही दिसतं, की देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायका त्याविषयी कधी कुणाशी बोलल्याच नाहीत. आणि या सर्वेक्षणाचा एक नियम फार शिकण्यासारखा आहे. हिंसेविषयीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, आणि ती एकटी असतानाच विचारायचे. आडोसा मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा, पण दुसऱ्यासमोर विचारायचा नाही. आकडे गोळा करायला आलेल्या माणसांना जे कळतं, ते टाके घालणाऱ्या विभागाला कळू नये का?

यावर डॉक्टर मंडळी काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण माझी मावसबहीण नर्सिंगला आहे आणि आमचं यावरून भांडण झालंय. तिचं म्हणणं, ‘अगं, एका रात्रीत अपघात, हार्ट अटॅक, साप चावलेला, सगळं एकदम येतं. आम्ही काय प्रत्येकीला घरचं विचारत बसू?’ तिचं चूक नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारा असं म्हणत नाही. २०१३च्या तिच्या मार्गदर्शनात सांगितलंय ते असं, की जिथे जखम आणि सांगितलेलं कारण जुळत नाही, जिथे लक्षणं बोट दाखवतात, तिथे विचारा. पण ती एकटी असताना. ऐकून घ्या, तिला खोटं पाडू नका, ती आज घरी गेली तर सुरक्षित आहे का ते पाहा, आणि पुढे मदत कुठे मिळेल ते सांगा. बळजबरीनं बोलतं करायचं नाही, पोलिसात जा म्हणून हट्ट धरायचा नाही. नवऱ्यासमोर विचारणं हे न विचारण्यापेक्षाही वाईट, कारण त्याचा हिशोब घरी गेल्यावर होतो. मी नेमकं तेच केलं होतं.

यासाठी वेगळी इमारत लागत नाही. ‘नातेवाईकांनी बाहेर थांबा’ हे वाक्य रुग्णालयात दिवसातून शंभर वेळा म्हटलं जातं. ड्रेसिंगच्या वेळी, एक्स-रेच्या वेळी ते म्हटलं तर कुणाला संशयही येत नाही. आमच्या आजीला जी दोन मिनिटं मिळाली, ती तशीच मिळाली होती.

आणि हे आपल्याकडे झालेलं आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. त्यातली मोलाची गोष्ट अशी की केंद्र रुग्णालयाच्या बाहेर कुठे संस्थेच्या ऑफिसात नव्हतं, रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून होतं. तिथल्याच डॉक्टरांना, सिस्टरना, कर्मचाऱ्यांना शिकवलं गेलं की कुठल्या जखमेपाशी थांबायचं आणि बाईला खालच्या कुठल्या खोलीत पाठवायचं. बाईच्या बाजूनं पाहिलं तर सोय केवढी! दवाखान्यात जायला तिला परवानगी लागत नाही, निदान पोलीस चौकीइतकी तरी नाही. ‘ड्रेसिंग बदलायला जाऊन येते’ म्हणून ती पुन्हा येऊ शकते. पुढे ही केंद्रं मुंबईतल्या आणखी पालिका रुग्णालयांत सुरू झाली.

कायदाही याच बाजूचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला. त्यात रुग्णालयावर स्पष्ट जबाबदारी आहे. बाईनं आधी कुठे तक्रार केली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. घटनेचा अहवाल आधी झाला नसेल तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. तपासणीच्या अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची आहे. ती प्रत म्हणजे तिच्या हातातला पुरावा. दोन वर्षांनी ती कोर्टात उभी राहिली तर पहिला प्रश्न येणार, ‘तेव्हा तर तुम्ही पडलात असं लिहिलंय?’ केस पेपरवरचा तो एक शब्द असा उलटतो.

गुजरातेत १८१ ‘अभयम्’ हेल्पलाइन ८ मार्च २०१५पासून राज्यभर चालू आहे. फोन केला की समुपदेशक आणि महिला पोलीस गाडी घेऊन येतात. केंद्र सरकारची ‘सखी’ वन स्टॉप सेंटरं आहेत. म्हणजे दोर आहे. पण तो धरण्याआधी बाईला एक वाक्य बोलावं लागतं, आणि सुरतेसारख्या शहरात ते कुठल्या भाषेत बोलायचं?

इथे मी पुन्हा आपल्या मंडळाकडे येते. सुरतेत खानदेशी आहेत, ओडिशाचे आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत. पुरुष कारखान्यात जातो, बाजारात हिंडतो, त्यामुळे त्याला कामापुरती गुजराती-हिंदी येते. बाई घरी बसून साडीला लेस आणि टिकल्या लावते. तिची भाषा गल्लीपुरती राहते. म्हणून दवाखान्यात तिच्या वतीनं बोलणारा दुभाषी कोण, तर तोच, ज्यानं हात उचलला. नाहीतर तिचं आठ वर्षांचं पोर. किंवा माझ्यासारखी कुणी, जिला वाटतं की शब्दाला शब्द दिला की भाषांतर झालं.

आपण वर्षभर बोलीभाषांचे कार्यक्रम करतो. अहिराणी दिवस साजरा केला, वऱ्हाडी कथाकथन ठेवलं, मालवणी एकांकिका झाल्या. टाळ्याही पडल्या. पण बोलीचा उपयोग रात्री साडेनऊला इमर्जन्सीत होतो का, हे आपण कधी विचारलं नाही. माझी सूचना साधी आहे. ‘तुम्हाला कुणी मारलंय का? घरी जायला भीती वाटते का? तुम्हाला कुणाशी एकटीनं बोलायचंय का?’ ही तीन वाक्यं आपण आपल्या बोलींत, आणि गुजराती-हिंदी-ओडियाच्या मित्रमैत्रिणींकडून त्यांच्या भाषांत, नीट लिहून घेऊ. पुस्तकी शब्द टाळून, जशी बाई बाईला विचारते तशी. त्यांची कार्डं करू आणि ज्या रुग्णालयाला हवी असतील त्याला देऊ. कार्ड सिस्टरच्या खिशात राहील, भिंतीवर नाही, कारण भिंत नवराही वाचतो. आणि आपल्यापैकी कुणाला कधी ‘जरा विचारा’ म्हणून दुभाषी व्हायची वेळ आली, तर आधी सिस्टरला हळूच म्हणायचं, ‘यांना बाहेर थांबायला सांगाल का?’

आजीचा हात दीड महिन्यात प्लास्टरमधून सुटला. ती आता परत भाकरी थापते. त्या ताईचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. ‘गिर गई, बोलती है’ हे माझं भाषांतर मात्र कुठल्यातरी रजिस्टरमध्ये अजून आहे. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात एकही चूक नाही.