बुधवार बुद्धांचा नव्हे

परिपाठ आटोपून मुले वर्गात आली की फळ्याच्या कोपऱ्यात वार आणि दिनांक लिहिण्याचे काम वर्गप्रमुखाकडे असते. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका वर्गप्रमुखाने खडू हातात धरूनच मला विचारले, "सर, आत्ताच आपण बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. देवदेवता मानणार नाही असे म्हटले. मग फळ्यावर सोम, मंगळ, शनी यांची नावे का लिहायची?" मी काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरून दुसऱ्याने उत्तर दिले, "सगळेच वार त्यांचे नाहीत. बुधवार आपला. बुद्धाचा वार."

हे त्याला कोणी सांगितले, हे शोधण्याची गरज नव्हती. मीच सांगितले होते. इतिहासात एम. ए. केलेला मी, कोणा वक्त्याच्या तोंडून ऐकलेली ही व्युत्पत्ती कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो होतो. ऐकायला गोड होती, मुलांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसत होता, म्हणून ती तपासून पाहण्याचे मी टाळले. हा लेख म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे.

बुधवारातला 'बुध' हा ग्रह आहे. पुराणकथेत तो चंद्राचा पुत्र. 'बुद्ध' म्हणजे ज्याला बोध झाला तो. दोन्ही शब्द 'बुध्' या एकाच धातूपासून निघालेले आहेत, एवढेच त्यांचे नाते. 'जाशील बुधी तर येशील कधी' असे म्हणून बुधवारी प्रवास टाळणारे आपल्याकडे होते आणि आहेत. त्यांच्या मनात तथागत नसतात, ग्रहच असतो. श्रीलंका हा बौद्ध देश, पण सिंहली भाषेतील सातही वार ग्रहांचेच आहेत. थायलंडमध्येही बुधवार बुध ग्रहाचाच. ज्या देशांत सकाळ-संध्याकाळ त्रिसरण म्हटले जाते, त्यांनीही बुधवारावर हक्क सांगितलेला नाही.

मग आपल्या परंपरेत वार कोणते? खरे उत्तर असे की कोणतेच नाहीत. तथागतांच्या काळी काळ मोजला जाई तो चंद्रावर. उपोसथाचे दिवस पक्षाच्या अष्टमीला, चतुर्दशीला आणि पंधराव्या तिथीला येत. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत तिथी आहेत, तिष्य नक्षत्र आहे, चातुर्मासाच्या पौर्णिमा आहेत, वार मात्र एकही नाही. भारतातील कोरीव लेखांत वाराचा पहिला निश्चित उल्लेख सापडतो तो मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभावर, बुधगुप्त या गुप्त राजाच्या काळात, इसवी सन ४८४ मध्ये. तिथे आषाढ शुद्ध द्वादशी आणि सुरगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार, अशी नोंद आहे. अशोकानंतर सातशेहून अधिक वर्षांनी.

ही पद्धत वेदांतलीही नाही, हे दुसऱ्या बाजूने ध्यानात ठेवावे. ग्रहांवरून वार ठरविण्याची रीत पश्चिमेकडून, ग्रीक ज्योतिषाच्या वाटेने आली. 'होरा' हा शब्दच ग्रीक, त्याचा अर्थ तास. वारांचा क्रम असा का, हे मी आता फळ्यावर मांडून दाखवतो. मंद गतीच्या ग्रहापासून जलद ग्रहापर्यंत लिहा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा एकेक तास ओळीने एकेका ग्रहाला वाटून द्या. शनिवारचा पहिला तास शनीचा धरला तर चोवीस तास संपून पंचविसावा तास येतो रवीकडे. म्हणून शनिवारनंतर रविवार. तिथून पुढे त्याच रीतीने सोमवार. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या 'आर्यभटीया'त हाच नियम दिला आहे. मुले बोटे मोजत उरलेले वार स्वतः काढतात आणि सातवा वार जुळला की वर्गात गलका होतो. ज्या गोष्टीचे गणित हाताने करता येते तिची भीती राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

नाव उच्चारल्याने माणूस त्या देवतेचा भक्त होतो का? गोव्यात पोर्तुगीजांनी चारशे एक्कावन्न वर्षे राज्य केले. त्यांच्या स्वतःच्या भाषेत सोमवार ते शुक्रवार हे 'दुसरा', 'तिसरा' असे नुसते क्रमाने मोजलेले दिवस आहेत, कारण त्यांच्या धर्मगुरूंना जुन्या देवांची नावे नको होती. तरीही गोव्यातील ख्रिस्ती माणूस आजही कोकणीत सोमार, मंगळार, बिरेस्तार म्हणतो आणि आयतारी चर्चमध्ये प्रार्थनेला जातो. आयतार म्हणजे आदित्यवार, बिरेस्तार म्हणजे बृहस्पतिवार. आपल्याकडची जुनी माणसे म्हणत ते आयतवार आणि बेस्तरवार हेच. त्या प्रार्थनेत सूर्याची पूजा होते असे कोणी म्हणणार नाही. श्रीलंकेने १९६६ साली रविवारची सुट्टी बंद करून चंद्राच्या तिथीप्रमाणे पोयाची सुट्टी सुरू केली होती. व्यवहाराला ती गैरसोयीची ठरली आणि १९७१ साली रविवार परत आला. पौर्णिमेची सुट्टी तेवढी त्यांनी राखली.

आपल्या रविवारचा इतिहास तर निराळाच आहे. मुंबईच्या गिरण्यांत मजुरांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. कोकणातून गिरणीत गेलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना सभेला जायला, वाचायला, गावकीच्या बैठकीला बसायला जो दिवस मिळाला तो हा. महाडचे चवदार तळे खुले झाले तो २० मार्च १९२७ हा रविवार होता. मनुस्मृती जाळली तो २५ डिसेंबर १९२७ हाही रविवार. नागपूरच्या धम्मदीक्षेचा दिवस अशोक विजयादशमीच्या तिथीने ठरला, पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजीही वार रविवारच होता. रविवार सूर्याचा असेल तर असो, आमच्या लेखी तो लोखंड्यांचा आहे.

नावाला बाध नाही, बाध आहे तो नावाला चिकटवलेल्या भीतीला. माझ्या नात्यातील एका मुलीचे ठरलेले लग्न 'मुलीला मंगळ आहे' म्हणून मोडले. दोन्ही घरांच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. साखरपुड्याला त्रिसरण पंचशील म्हटले गेले होते, आणि मग कोणीतरी गुपचूप पत्रिका दाखवून आणली. त्या मुलीने मला विचारले, "मामा, मी काय केले?" या प्रश्नाला इतिहासाच्या पुस्तकात उत्तर नाही. 'साडेसाती', 'शनी मागे लागला', 'ग्रह वक्री झाले' असे आपण सहज बोलून जातो. मच्छीवाली दारात आली की 'आज वार आहे' म्हणून तिला परत पाठवणारी घरे मी आपल्याच वस्तीत पाहिली आहेत. आमची आईही शनिवार पाळायची. धम्मदीक्षेने देव्हारा गेला, पण वार स्वयंपाकघरात राहिला. मी तिला कधी टोकले नाही, हेही कबूल करतो.

आता मंगळाचीच गोष्ट पाहा. 'मंगल' हा शब्द शुभशकुनाचा होता. तथागतांनी तो टाकला नाही. महामंगलसुत्तात त्यांनी त्याचा अर्थच पालटला: आईवडिलांची सेवा, शहाण्यांची संगत, निर्दोष काम, गोड वाणी हे मंगल. सम्राट अशोकाने आपल्या नवव्या शिलालेखात आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक करतात त्या नाना मंगलविधींची निरर्थकता सांगून 'धम्ममंगल' हा शब्द दिला. त्या लेखाचा एक तुकडा आपल्या कोकणपट्टीतच, सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे सापडला आहे, आणि तोही १९५६ साली. 'ब्राह्मण' शब्दाचेही तेच. धम्मपदाच्या शेवटच्या वग्गात तो जन्माने नव्हे तर आचरणाने ठरतो. शब्द घ्यावा आणि आशय बदलावा, ही रीत आपल्याकडे अडीच हजार वर्षे जुनी आहे. म्हणून वार बदलण्याच्या सूचना मला पटत नाहीत. अशा दोन-तीन नव्या नामावळ्या माझ्या वाचनात आल्या, सद्हेतूने केलेल्या. पण बाजारात उद्याचा वार सांगताना त्यांचे कर्तेही सोमवारच म्हणतील.

याच्या उलट दिशेनेही एक खेळ झाला आहे आणि त्याकडे आपले लक्ष कमी आहे. आशय बदलून आपलेच शब्द आपल्यावर उलटवले गेले. 'देवानांप्रिय' हे अशोकाचे बिरुद. पुढच्या काळातील संस्कृत व्याकरणात त्याचा अर्थ 'मूर्ख' झाला. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत तो तसा नोंदलेला आहे. अशोकाच्या बाराव्या लेखात 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ, आणि सर्व पासंडांचा मान राखावा, आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करताना वाणीला आवर घालावा, असा त्याचा उपदेश. आज 'पाखंडी' ही शिवी आहे. भाजे येथील लेण्यांत चौदा स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर 'थेर' म्हणून भिक्खूंची नावे आदराने कोरली आहेत. त्याच थेर शब्दाचे मराठीत 'थेरडा' झाले. आपल्या घरातही म्हाताऱ्या माणसावर चिडून हा शब्द वापरला जातो, आणि आपण कोणाचे नाव घेतो आहोत याची कल्पना बोलणाऱ्याला नसते.

सगळेच शब्द असे विटाळले गेलेले नाहीत. सावित्रीच्या काठाने वर गेले की महाडजवळ गांधारपाल्याची लेणी लागतात. तिथे कानभोय विण्हुपालित या राजकुमाराच्या दानलेखात 'लेण' आहे आणि भिक्खूंच्या खोल्यांसाठी 'ओवरक' आहे. आपण आज देवळातल्या ज्या जागेला ओवरी म्हणतो तो शब्द या ओवरकाचाच वंशज. बुधवाराची खोटी मालकी सांगण्याऐवजी ही खरी मालमत्ता मुलांना दाखवावी. एक दिवसाची सहल पुरते.

काही शब्द मात्र सुधारत बसण्यासारखे नाहीत, ते सोडलेच पाहिजेत. 'चांभारचौकशा' वर्तमानपत्रांत आजही छापून येतात. 'बाटगा' हा शब्द धर्मांतर केलेल्यांना उद्देशून वापरला जातो. 'राजकीय अस्पृश्यता' म्हणून पुढारी स्वतःच्या एकटेपणाची तक्रार करतात, जणू अस्पृश्यता म्हणजे युतीत न घेणे. अशा शब्दांत ग्रह नाहीत, माणसे आहेत. शिक्षकाने निबंधात शुद्धलेखनाच्या चुकांसारखीच त्यांच्यावर लाल रेघ मारावी, मी मारतो.

शब्द सोडता येतो याचा दाखला आपल्याच घरात आहे. आपल्या पूर्वजांनी गावात शिरताना 'जोहार' म्हणायचा, तोही वाकून आणि लांबून. ज्या आंबडव्याचे नाव बाबासाहेबांच्या आडनावामागे उभे आहे, ते आपल्या मंडणगड तालुक्यातले गावही त्या रिवाजाला अपवाद नव्हते. तो शब्द कोणत्याही सरकारी हुकमाने गेला नाही. कामठीचे बाबू हरदास यांनी प्रचारात आणलेला 'जय भीम' लोकांनी उचलला आणि जोहार आपोआप ओठांवरून उतरला. बाबू हरदास पस्तीस वर्षांचेच आयुष्य जगले, १९३९ साली गेले. त्यांचे नाव आपल्या शाळांतील किती मुलांना ठाऊक आहे, हे एकदा विचारून पाहावे.

त्या दिवशी वर्गात मी आधी मागच्या बाकावरच्या मुलाला सांगितले, की माझे चुकले होते, बुधवार बुद्धांचा नव्हे. तो थोडा हिरमुसला. मग त्याने विचारले, "सर, मग आपला दिवस कुठला?" मी कॅलेंडर उतरवून त्याच्या हातात दिले आणि बाराही महिन्यांच्या पौर्णिमा शोधायला सांगितले. तेव्हापासून आमच्या फळ्यावर वार आणि दिनांक यांच्या खाली तिथीही लिहिली जाते. वर्गप्रमुख ती पंचांगात पाहत नाही. आदल्या रात्री वसतिगृहाच्या अंगणात उभे राहून चंद्र बघतो आणि मोजतो. पावसाळ्यात मंडणगडला चंद्र दिसत नाही, तेव्हा चुकते. चुकले की पुढच्या पौर्णिमेला दुरुस्त करतो.