नोंदीचा भार कोणावर?

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पूर्वी सातबाऱ्यावर पीक चढविणे हे तलाठ्याचे काम होते. आता शेतकऱ्यानेच शेतात उभे राहून मोबाईलवर छायाचित्रासह नोंद करावी, अशी अपेक्षा आहे. नोंदी अचूक व्हाव्यात, हा हेतू स्तुत्यच होय. परंतु श्रम वाचले ते शासनाचे; मोबाईल, डेटा आणि बुडालेली मजुरी यांचा खर्च मात्र नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावच्या अल्पभूधारकावर पडतो. सातपुड्यातील अनेक पाड्यांत तर रेंजच मिळत नाही. राहिलेल्या शेतांसाठी सहायक नेमले गेले, हे योग्यच झाले. तथापि, नोंद हुकल्यास नुकसानभरपाईला मुकण्याचा धोका शेतकऱ्याच्याच माथी का असावा? ॲप ही सोय ठरावी. नोंदीचे अंतिम उत्तरदायित्व शासनाचेच राहिले पाहिजे.