पोटातील शिरांची सोनोग्राफी : आधी काय, नंतर काय?

डॉक्टर चिठ्ठीवर ‘पोर्टल डॉपलर’ किंवा ‘व्हीनस डॉपलर’ असे लिहून देतात आणि घरात काळजी सुरू होते. भूल देतात का? दुखते का? बाईमाणसाला कोण तपासणार? ओळखीच्या घरांतून असे प्रश्न आमच्याकडे येतात, म्हणून या वेळी त्याविषयीच लिहीत आहोत.

ही सोनोग्राफीच आहे. फरक इतकाच की, अवयवांबरोबर शिरांतून वाहणारे रक्तही पाहिले जाते. सुई नाही, भूल नाही, एक्स-रेसारखे किरणही नाहीत. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की तोच आवाज उतरतो. यामागचे तत्त्व ऑस्ट्रियाचे ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडले. त्याच तत्त्वावर मशीन रक्ताची दिशा आणि वेग सांगते. पडद्यावर लाल-निळे रंग दिसतात. लाल म्हणजे शुद्ध आणि निळे म्हणजे अशुद्ध रक्त, असे मात्र नव्हे. रक्त मशीनच्या दिशेने येते आहे की दूर जाते आहे, एवढेच तो रंग दाखवतो.

कशासाठी करतात?

आतडी, जठर आणि प्लीहा यांचे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जाते. यकृत आकसून कडक झाले (लिव्हर सिरोसिस) की या शिरेतील दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते. कधी शिरेत रक्ताची गुठळी अडकते. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी पोटातली मोठी शीरही याच पद्धतीने तपासता येते.

तयारी काय?

साधारण ६ ते ८ तास उपाशीपोटी बोलावतात. याला दोन कारणे आहेत. जेवणानंतर पोर्टल शिरेतला प्रवाह वाढतो, त्यामुळे मोजमाप बदलते. शिवाय पोटात गॅस असला तर शिरा झाकल्या जातात. म्हणून आदल्या रात्री डाळ-चणे, सोडा आणि जड जेवण टाळावे. सकाळी पान-तंबाखू, सिगारेट नको. पाणी चालेल का, हे केंद्रावर विचारावे. मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागावी. गोळी किंवा इन्सुलिनचे काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारावे, आपल्या मनाने घेऊ किंवा टाळू नये. जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.

रमजानमध्ये तपासणी आली तर सहरीनंतर दुपारची वेळ सोयीची पडते. जेल फक्त त्वचेवर लावतात, पोटात काही जात नाही, त्यामुळे रोजा तुटण्याची भीती बाळगू नये. आजारी माणसाला तर रोज्याची सवलत कुरआननेच दिली आहे (सूरह बकरा, आयत १८४-१८५).

आत काय होते?

पोटावर थंड जेल लावून डॉक्टर छोटे यंत्र फिरवतात. ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ असे सांगतात, कुशीवर वळवतात. मधूनच रक्तप्रवाहाचा ‘सूं-सूं’ आवाज येतो, त्याला घाबरू नये. थोडा दाब जाणवतो. दुखत असेल तर लगेच सांगावे. सगळे साधारण अर्ध्या ते पाऊण तासात आटोपते आणि लगेच खाता-पिता येते.

स्त्रियांनी सलवार-कमीज असे दोन भागांचे कपडे घालावेत. पोटापुरतेच उघडावे लागते, बाकी अंगावर चादर घेता येते. वेळ ठरवतानाच लेडी डॉक्टर मिळतील का, घरची बाई आत थांबू शकेल का, हे विचारावे. यात संकोच कसला? आमच्या पाहण्यातल्या एका खालांनी ‘पुरुष डॉक्टर असेल’ या धास्तीने चिठ्ठी कित्येक आठवडे कपाटात ठेवली. सुनेने फोन केला तेव्हा कळले की, त्या केंद्रावर रोज सकाळी लेडी डॉक्टरच असतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

‘पेटंट’ म्हणजे शीर मोकळी. ‘थ्रॉम्बस’ म्हणजे गुठळी. ‘हेपॅटोपेटल’ म्हणजे रक्त यकृताकडे जाते आहे, हे योग्य. ‘हेपॅटोफ्यूगल’ म्हणजे उलट दिशेने. मोठ्या माणसाच्या पोर्टल शिरेची रुंदी साधारण १३ मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात. पण एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. रिपोर्ट आपल्या डॉक्टरांनाच दाखवावा. गॅसमुळे किंवा जाड पोटामुळे नीट दिसले नाही तर पुन्हा बोलावतात किंवा सीटी स्कॅन सांगतात. त्याचा अर्थ आजार वाढला असा नसतो.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोटात अचानक असह्य कळ किंवा एकच पाय एकाएकी सुजणे, यांपैकी काही झाले तर मात्र सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे. एरवीही चिठ्ठी मिळाली की त्याच दिवशी फोन करून वेळ ठरवावी. घरातली बाई स्वतःहून बोलत नसेल तर मुलाने, सुनेने किंवा शौहरने तो फोन करावा.